चुकला तर त्याचं काय जातं?

अगं पोरी,

तुझा मेसेज आला तेव्हाच वाचला होता पण द्राक्षछाटणीचा सीझन म्हणजे आपल्या शेतीऔषधांच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, तू पाहिलंयस. तू लिहिलंस की काका, इन्स्टाग्रामवर हजाराच्या वर अकाउंट फॉलो केलेत तरी कामाचं काहीच दिसत नाही, सगळं झाडून काढू का, आणि ठेवायचं तर कोणाला ठेवू. उत्तर टाइप करायला बसलो तर लांबतच गेलं, म्हणून आता पत्र समजूनच वाच.

आधी एक सांगतो, तुझ्या फीडमध्ये जो कचरा येतो तो सगळाच तू फॉलो केलेल्यांचा नाहीये. इन्स्टाग्रामनं २०१६ मध्येच पोस्ट वेळेनुसार दाखवणं बंद करायला घेतलं, आणि आता रील्स उघडल्या की निम्मेअधिक अनोळखी चेहरेच समोर येतात. त्यांचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी स्वतः सांगितलंय की किती वेळ बघितलं, लाईक केलं का, आणि कोणाला पाठवलं का, याला सगळ्यात जास्त वजन असतं. म्हणजे एखाद्या बावळट रीलवर तू 'काय मूर्ख माणूस आहे' असं म्हणत शेवटपर्यंत थांबलीस आणि वर मैत्रिणीला हसायला पाठवलीस, तर त्या मशीनच्या हिशेबात तुला ती आवडली, संपलं. त्यामुळे नुसतं अनफॉलो करून भागणार नाही, नको ते आलं की 'नॉट इंटरेस्टेड' दाबायचं आणि पुढं जायचं, थांबायचं नाही. आणि 'फॉलोइंग' म्हणून वेगळा फीड असतो त्यात थोडे दिवस फिर, तिथं तू स्वतः निवडलेलेच लोक दिसतात, मग कळेल आपण कोणाकोणाला घरात घेऊन बसलोय.

आता मुद्द्याचं. मला विचारशील तर मी एकच बघतो, हा माणूस जे सांगतोय ते चुकलं तर त्याचं स्वतःचं काय जातं? फॉलोअर किती, बोलतो कसा, कॅमेरा कसा, हे सगळं नंतर.

द्राक्षाचंच घे. दुकानात रोज दोनचार जण तरी मोबाईल पुढं करतात, काका हे द्या. रीलमध्ये कोणीतरी टपोरे घड हातात धरून सांगतोय की हे मारा, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) चोवीस तासात गायब. छाटणी कोणत्या तारखेची ते नाही, व्हरायटी नाही, पाऊस किती झाला ते नाही, लेबल क्लेम, म्हणजे ते औषध द्राक्षाला मंजूर आहे का नाही, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते तर नाहीच नाही. आता तो सल्ला चुकला आणि माल एक्स्पोर्टचा असला तर रेसिड्यू, म्हणजे औषधाचे उरलेले अंश, कोणाच्या सॅम्पलमध्ये निघणार? शेतकऱ्याच्या. रीलवाला तोपर्यंत दुसऱ्या बाटलीवर गेलेला असतो. तू लहान असशील तेव्हा, २०१० ला, आपली द्राक्षं युरोपात गेली आणि त्यात क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, आपले लोक त्याला लिहोसिनच म्हणतात. माल अडकला, लोकांची वर्षाची कमाई गेली. तेव्हा रील्स नव्हत्या, पण भोगायला कोण लागतं हे तेव्हाही तेच होतं आणि आत्ताही तेच आहे.

याच्या उलट आपल्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात असे पण शेतकरी आहेत जे मोबाईल तिरपा धरून, वाऱ्याचा आवाज तसाच ठेवून सांगतात की हा माझा थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट, छाटणी अमुक तारखेची, फुलोऱ्यात पाऊस झाला, हे मारलं, ते मारलं, तरी एवढे घड गेले बघा. त्याला व्ह्यूज नसतात, संगीत नसतं. पण तो माणूस स्वतःचं नुकसान दाखवतोय गं, आणि बाग त्याची आहे, उद्या त्याच बांधावर उभं राहून पुढचा व्हिडिओ करायचाय त्याला, गावातले चार लोक बघतायत, खोटं बोलून जाणार कुठं. अशांना फॉलो कर. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांचे सल्ले येतात, भाषा कोरडी असते, वाचताना झोप येईल, तरी ठेव.

(आणि हो, मी पण दुकानदारच आहे. माझ्या सल्ल्याच्या मागं पण गल्ला आहे हे धरूनच माझं ऐक.)

कांद्याचं उदाहरण तुला जास्त पटेल, घरातलंच आहे. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये अचानक बंदी उठली, बंदी उठली असं सगळीकडं सुरू झालं, ग्रुपवर, रील्सवर, चॅनलवर पण. लासलगावला भाव क्विंटलला १,२८० च्या आसपास होता तो दोन दिवसात १,८०० ला गेला. आणि लगेच केंद्राकडून खुलासा की बंदी ३१ मार्चपर्यंत तशीच आहे. प्रत्यक्षात ती उठली ४ मे ला, ते पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के निर्यात ड्युटी लावून. त्या दोन दिवसात ज्यांनी 'ब्रेकिंग' टाकून व्ह्यूज घेतले त्यांचं काय गेलं? काही नाही. बघ, त्यातल्या किती जणांनी नंतर खुलासा टाकला. असल्या बातमीला मूळ कागद असतो, परदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघते, तिला नंबर असतो, तारीख असते. जो माणूस तो कागद दाखवून बोलतो, आणि कागद नसेल तेव्हा सरळ 'अजून अधिकृत काही नाही' म्हणतो, त्याला बाबांच्या मोबाईलमध्ये पण फॉलो करून दे. रोजच्या भावासाठी तर कोणाचीच गरज नाही, पणन मंडळाच्या साइटवर बाजार समितीप्रमाणे आवक आणि दर दोन्ही असतात.

आता तो तुझा शेअर मार्केटवाला, ज्याची रील तू मला पाठवली होतीस, गाडीच्या बॉनेटवर बसून फ्युचर-ऑप्शन, म्हणजे पुढं भाव वर जाणार का खाली यावरचे सौदे, शिकवणारा. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, आणि सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. मग हा नेमका उरलेल्या सात टक्क्यांतला कसा आणि असला तर तुला कोर्स विकत का फिरतोय, एवढं विचार. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं अजून एक स्पष्ट केलं, जो नुसतं शिक्षण देतो म्हणतो त्यानं मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. म्हणजे आजचा चालू भाव दाखवून 'हे घ्या, ते विका' करणारा शिक्षक नसतो, तो सल्लागार झाला, आणि सल्लागाराला सेबीची नोंदणी लागते, ती सेबीच्या साइटवर बघता येते.

जाहिरातीचे पण नियम आहेत बरं का. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सांगून ठेवलंय की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन काही दाखवत असाल तर स्पष्ट सांगा, आणि फसवी जाहिरात निघाली तर दहा लाखांपर्यंत दंड, परत केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जो 'ही पेड पोस्ट आहे' असं उघड सांगतो त्याच्याबद्दल मला उलट बरं वाटतं. जो वीस हॅशटॅगच्या ढिगात ते लपवतो तो बाकीचं पण लपवत असणार.

निळ्या टिकचं काही मनावर घेऊ नकोस. पूर्वी ती मोठ्या लोकांना मिळायची, आता एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) पण विकत आहे आणि इन्स्टाग्रामवाल्या मेटानं पण २०२३ मध्ये भारतात विकायला काढली. आता टिक म्हणजे बहुतेक वेळा महिन्याचं बिल भरलंय, बस. त्यापेक्षा प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत जाऊन 'या अकाउंटविषयी' बघत जा, अकाउंट कधी उघडलं, कुठल्या देशातून चालतं आणि आधी नाव बदललंय का ते तिथं कळतं. काल शायरीचं पेज, आज शेतीतज्ज्ञ आणि सिंहस्थ जवळ आला की उद्या नाशकात प्लॉट विकणार, असले लोक तिथं उघडे पडतात.

नातेवाईकांचं काय करू हे तू लिहिलं नाहीस पण मला माहितीये तोच खरा त्रास आहे. मावसभावाचे कॅनडाचे फोटो, वर्गातल्या पोरींचे साखरपुडे, आणि बघून झालं की तू तासभर गप्प. त्यांना अनफॉलो करू नको बाई, पुढच्या लग्नात सगळ्यांसमोर विषय निघेल. म्यूट कर, त्यांना कळत पण नाही. त्यांच्याशी फोनवर बोल, तिथं ते तुला भाड्याचं आणि थंडीचं खरं सांगतील.

आणि सगळे आपल्याच मताचे गोळा करू नको. ज्याचं मत तुला अजिबात पटत नाही पण जो शिव्या न देता आकडे मांडून भांडतो असा एखाददुसरा तरी लिस्टमध्ये असू दे. मी एकाला असाच ठेवलाय, रोज डोकं फिरवतो माझं, पण हमीभावावर त्याला उत्तर द्यायचं म्हणून मला चार गोष्टी वाचाव्या लागल्या. निव्वळ चीड यावी म्हणून बघायचे ते वेगळे, ते काढून टाक.

नाशिकपुरतं म्हणशील तर जिल्हा प्रशासन, महापालिका, हवामान विभाग, एवढं नोटिफिकेशन ऑन करून ठेव. दर पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाल्याचे जुने व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात, २०१६ चे, २०१९ चे, आणि पंचवटीत राहणाऱ्या पोरींच्या आया गावाकडं रडायला लागतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा आला की अर्धा गोंधळ मिटतो, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी येईल हे जुने नाशिककर त्यावरूनच सांगतात. हा आकडा देणाऱ्या साहेबाला तो चुकला तर उत्तर द्यावं लागतं, व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्याला नाही.

हजारातले किती उरतील माहीत नाही, आणि एका बैठकीत सगळं करायला जाऊ नकोस, कंटाळशील. नाव समोर आलं की विचार, हा दिसलाच नाही तर मी याला शोधायला जाईन का. नाही वाटलं तर काढ.

कोर्सचे पैसे भरले नाहीस ना अजून? भरले असतील तर आधी मला फोन कर, रात्री आठनंतर, दिवसा मी उचलणार नाही. आणि बाबांना सांग, मागची उधारी राहू दे सावकाश, पण त्या रीलमधलं 'मणी फुगवणारं' टॉनिक मागायला माणूस पाठवू नका, ते माझ्याकडं नाही आणि मी ठेवणार पण नाही.

तुझा,
दुकानवाला काका