स्विफ्टचा लोअर आर्म : नुसते बुश टाकू की पूर्ण आर्म?

प्रश्न : माझ्याकडे २००९ची पेट्रोल स्विफ्ट आहे. खड्ड्यातून हळू जाताना पुढून डावीकडून खटखट येते आणि ब्रेक दाबला की गाडी जरा डावीकडे ओढते. एक मेकॅनिक म्हणतो दोन्ही लोअर आर्म बदला, दुसरा म्हणतो फक्त बुश प्रेस करून देतो, खूप स्वस्तात होईल, आणि मित्र म्हणतो पॉलियुरेथेनचे बुश टाक, परत बघायला नको. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातला रबरी तुकडा. आधी आवाज नेमका कशाचा ते बघा, कारण आर्म बदलले, पैसे गेले आणि खटखट तशीच, असं खूप लोकांचं होतं. ही खटखट बऱ्याचदा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची असते, तो आर्मपेक्षा बराच स्वस्त पार्ट आहे, तो आधी तपासायला सांगा. तुमची गाडी ब्रेकला ओढतेय म्हणून बुशवर संशय जातोच, पण कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जॅम नाही ना तेही त्याच वेळी बघून घ्या.

मग गाडी वर घेऊन आर्मच्या बुशजवळ पहार घालून हळू रेटायची. थोडं दबणारच, रबर आहे ते, आणि वरवरच्या बारीक चिरा दिसल्या म्हणून लगेच बदलायची गरज नसते, पण रबर आतून सुटून मधली नळी मोकळी हलत असेल तर बुश गेला. बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा, पण तेव्हाच बघा, त्यात प्ले (ढिलेपणा) आहे का, त्याचं रबरी बूट फाटलंय का. तुमचा निर्णय खरं तर इथेच होतो, कारण या स्विफ्टमध्ये बॉल जॉइंट आर्मलाच असतो आणि मारुतीच्या हिशोबाने तो वेगळा बदलायचा पार्टच नाही, तो गेला की पूर्ण आर्म. आर्म कुठे आपटून वाकला असेल तरी तेच. बॉल जॉइंट घट्ट आहे, आर्म सरळ आहे, तर नुसते बुश टाका, काही बिघडत नाही, फक्त दोन्ही बाजूंचे एकदम टाका आणि काम हायड्रॉलिक प्रेसवर करून घ्या, हातोड्याने ठोकून नको. बुशला पोकळ खाचा असतील तर जुना बुश काढायच्या आधीच त्याच्या दिशेची खूण आर्मवर करून ठेवायला सांगा.

पॉलियुरेथेन, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकसारखा बुश, मी तरी रोजच्या गाडीला सांगणार नाही. स्टिअरिंग टाइट वाटतं हे खरं, पण रस्त्याचा प्रत्येक धक्का आत येतो आणि ग्रीस सुकलं की कुईकुई सुरू होते. कंपनीचं रबरच घ्या, आणि पार्ट चॅसी नंबरवरून काढायला लावा, 'पेट्रोल-डिझेल सगळं सेमच' यावर जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे गॅरेजमध्ये घाईत राहून जातं. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आर्म वरखाली होतो तेव्हा बुश फिरत नाही, रबरच पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, अशा वेळी बोल्ट फुल टाइट केले की गाडी खाली आली की ते रबर उभ्या गाडीतसुद्धा कायम पिळलेलंच राहतं आणि चांगला ओरिजिनल बुश पण लवकर फाटतो, मग लोक पार्टला नावं ठेवतात. म्हणून गाडी वर असताना बोल्ट फक्त हलके धरायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोनतीनदा दाबून सोडायची आणि मगच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्याने) टाइट करायचे. पूर्ण आर्म टाकलात तरी हेच. हे स्वतः समोर उभं राहून करून घ्या, मेकॅनिकला राग आला तरी चालेल.

नंतर अलाइनमेंट करायचीच. टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत) सेट होतो, पण या गाडीत पुढचा कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय) कंपनीकडून अॅडजस्टेबल नाही, त्यामुळे तो रीडिंगमध्ये एका बाजूला बराच वेगळा आला तर आर्म, स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बरचा खांब) किंवा नकल (चाकाचं हब ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय का ते आधी शोधायला सांगा.