'रेझिस्टंट' लिहिण्याआधी ताजी व्हायल आणि एक ब्लॉट

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, त्यांना वाढ रोखायला दिलेलं इंटरफेरॉन अल्फा हे प्रोटीन, चार दिवसांनीही कंट्रोलइतकीच (न दिलेल्या पेशींइतकीच) वाढ, आणि गाइड म्हणतात 'रेझिस्टंट (दाद न देणाऱ्या) लिहा नि पुढे चला'. कृपा करून लिहू नका. माझ्या पीएचडीचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं.

डोस, काउंटिंग तुम्ही नीट केलेलं दिसतंय, ते सोडते. आधी हे ठरवा: निरोप पेशीत पोहोचलाच नाही, की पोहोचूनही वाढ थांबली नाही? इंटरफेरॉन दिल्यावर अर्ध्या तासाने फॉस्फो-स्टॅट१चा (निरोप नेणाऱ्या स्टॅट१ प्रोटीनच्या फॉस्फेट लागलेल्या, चालू रूपाचा) ब्लॉट, म्हणजे प्रोटीन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी; काही तासांनी इंटरफेरॉनने चालू होणाऱ्या एमएक्स१ किंवा आयएफआयटी१ जीनचा आरएनए. दोन्ही चढले तर रिसेप्टरला (पेशीवर इंटरफेरॉन पकडणाऱ्या प्रोटीनला) दोष देऊ नका. मग वाढीला ब्रेक लावणारं पी२१ वाढतं का, वाढ ढकलणारं सी-मिक उतरतं का, आरबी या दुसऱ्या ब्रेकवरचं फॉस्फेट कमी होतं का ते बघा. एमसीएफ-७मध्ये पी१६ या आणखी एका ब्रेकचं जीन मुळातच नाही, एमडीए-एमबी-४६८ या दुसऱ्या स्तन-कर्करोगाच्या पेशींमध्ये तर आरबीच नाही. मोटरमनला लाल सिग्नल दिसला तरी ब्रेकच नसेल तर लोकल थांबणार कशी?

ब्लॉट आणि आरएनए दोन्ही थंड असतील तर त्याच पेशींना इंटरफेरॉन गॅमा द्या. त्याचा रिसेप्टर वेगळा, पण निरोप पुढे नेणारे जॅक१ आणि स्टॅट१ दोघांना सामाईक. गॅमा चालला आणि अल्फा नाही, तर आयएफएनएआर (अल्फाचा रिसेप्टर) आणि त्याच्या वाटेवरचे टिक२, स्टॅट२, आयआरएफ९ या बाजूला शोधा. यूएसपी१८सुद्धा बघा, ते त्या रिसेप्टरच्या आयएफएनएआर२ या भागाला धरून अल्फाचा निरोप अडवतं. अल्फा-गॅमा दोन्ही बंद, तर जॅक१, स्टॅट१ किंवा निरोप दाबणारं सॉक्स१.

आमच्याकडे दोन्ही बंद होते. जॅक१मध्ये म्युटेशन शोधण्यात महिनेच्या महिने गेले. दोष इंटरफेरॉनच्या व्हायल्समध्ये (कुप्यांमध्ये) होता. अल्फा-गॅमा एकाच पार्सलमधून आले, ऐन गणपतीच्या सुट्टीत, आणि संस्थेच्या भांडार विभागाने खोका तसाच कपाटात ठेवला. वर 'ड्राय आइस' ठळक लिहिलेलं होतं. नंतर तापमानाची नोंद मागितली तर 'तशी पद्धत नाही' एवढंच उत्तर. मुंबईच्या दमट उकाड्यात प्रोटीनचं काय होतं हे त्यांना कळायला नको? अजून राग येतो. शेजारच्या लॅबने ताजी व्हायल दिली आणि त्याच पेशींत स्टॅट१ची पट्टी लखलखीत आली.

म्हणून माझं ठाम मत: सोबत डाउडी पेशी (लिम्फोमा या कर्करोगाच्या) ठेवाच. अल्फाने त्यांची वाढ हमखास मंदावते. त्या मंदावल्या नाहीत तर तुमची व्हायल मेलेली आहे. पातळ अलिकॉटमध्ये (छोट्या वाटणीत) बीएसए हे प्रोटीन घाला, नाहीतर प्रोटीन प्लॅस्टिकला चिकटतं. मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा जंतू) आणि एसटीआर (पेशी नक्की कुठल्या हे डीएनएवरून ओळखणारी) तपासणीही उरकून घ्या. एमडीए-एमबी-४३५ किती वर्षं स्तनाच्या पेशी म्हणून वापरली गेली, निघाली मेलानोमाची.

अजून एक. पेशींना दीर्घकाळ थोडं थोडं इंटरफेरॉन मिळत राहिलं की फॉस्फेट नसलेलं स्टॅट१ साठतं आणि काही जीन्स चालूच राहतात. अशा पेशी रेडिएशनला आणि काही केमो औषधांनाही दाद देत नाहीत. त्यामुळे नुसती फॉस्फोची पट्टी फिकी दिसली म्हणून मार्ग बंद आहे असं समजू नका.

मी डॉक्टर नाही, हे सगळं डिशमधल्या पेशींबद्दल आहे. कुणाच्या घरी पेशंट असेल तर यावरून उपचाराचं काहीही ठरवू नका, ऑन्कॉलॉजिस्टना विचारा.

ब्लॉट झाला की इथेच टाका, टोटल स्टॅट१ची (फॉस्फेट असलेलं-नसलेलं सगळं) पट्टीही दाखवा.