वाचक विचारतात : कॉस्प्ले करायचाय, पण सामान सोलापुरात मिळेल का?

या वेळी कॉस्प्लेच्या, म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या पात्राचा वेष करण्याच्या, पोशाखांवरची पत्रं एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. एका अॅनिमेतल्या (म्हणजे जपानी कार्टूनमधल्या) योद्ध्याचं चिलखत करायला घेतलं, थर्माकोल कापला, जोडायला ग्लू लावला तर थर्माकोलच विरघळून गेला की ओ. ऑनलाइन रेडीमेड परवडत नाही. सामानाला पुण्याला जाऊ का? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर : पुण्याला कशाला जातोस, सगळं इथंच मिळतं. थर्माकोलचं काय झालं सांगते, चपला जोडायच्या पिवळ्या ग्लूमध्ये सॉल्व्हंट असतं आणि ते थर्माकोल खातं, स्प्रे पेंटचंही तेच, म्हणून चिलखताला थर्माकोल नकोच. ईव्हीए फोम घे. चपलेचे सोल ज्याचे करतात ना तेच मटेरियल, त्यामुळं चपलेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचार, किंवा लहान मुलांना खेळायला एकमेकांत अडकवायच्या मॅट असतात त्या चालतात. छातीला आणि खांद्याला १० एमएम, हातापायाला ५-६, आणि वरच्या नक्षीला २ एमएमचा.

पण फोमला ब्लेड लावायच्या आधी माप. जुना टी-शर्ट घाल, वर प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळ, त्यावर मित्राकडून कागदी चिकटपट्टी लावून घे, पेनानं चिलखताच्या रेषा काढ आणि मग तो टी-शर्ट पाठीकडून हळू कापून काढ (कात्री मित्राच्या हातात, घाई करायची नाही). हा झाला तुझ्या अंगाचा साचा. अर्धाच कागदावर उतरव आणि उलटा करून दुसरी बाजू काढ म्हणजे डावं-उजवं सारखं येतं.

कटरच्या ब्लेडचं बोथट झालेलं टोक सारखं तोडत राहायचं, बोथट ब्लेडनं फोम कापला जात नाही, फाटतो. मग हीट गन, म्हणजे गरम हवा सोडणारं यंत्र. फोमवर फिरवली की पृष्ठभाग जरा चकाकतो, भोकं बंद होतात, तेव्हाच मांडीवर नाहीतर डब्यावर वाकवून गार होईपर्यंत धरून ठेवायचं, तो आकार राहतो. चपलेचा तो पिवळा ग्लू इथं चालतो, दोन्ही कडांना लावायचा, पाच-दहा मिनिटं सुकू द्यायचा आणि बोटाला ओला लागेनासा झाला की जोडायचं, एकदा चिकटलं की हलवता येत नाही म्हणून आधी नीट जुळवून बघ. हे सगळं गच्चीवर नाहीतर दारं-खिडक्या उघडून, तोंडाला मास्क लावून. बंद खोलीत त्या वासानं डोकं दुखतं, चक्कर येते, यात अजिबात चालढकल नको.

रंगाच्या आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार पातळ हात दे, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे, नाहीतर फोम रंग पीत बसतो. मग अॅक्रिलिक. शेवटी पातळ काळा रंग लावून लगेच फडक्यानं पुसून घे, खाचांमध्ये राहतो आणि लोखंड खूप वापरल्यासारखं दिसतं. मला सगळ्यात आवडतं काम हेच.

प्रश्न : मला लांब झगा आणि उभ्या कॉलरचा कोट शिवून हवाय. दोन टेलरना फोटो दाखवला, दोघंही म्हणाले असलं काही आम्ही शिवत नाही. – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : अहो, ज्या शहराचे युनिफॉर्म देशभर जातात तिथं कोट शिवणारा हात नाही असं होईल का? फक्त फोटो दाखवून भागत नाही. तुम्हाला नीट बसणारा एक शर्ट मापाला द्या आणि लांबी, बाही, कॉलर कागदावर वेगवेगळं काढून द्या, मग तोच टेलर करेल. कॉलरला आतून बकरम घालायला सांगा, उभी राहते. चांगल्या कापडाला हात लावायच्या आधी मांजरपाटात ट्रायल शिवून घ्या आणि शिलाईला माया जास्त ठेवायला सांगा, नंतर उसवून सैल करता येतं. कॉटन असेल तर आधी धुवून मग कापायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. आणि मे-जूनमध्ये जाऊ नका, शाळेच्या गणवेशांपुढं तुमच्या झग्याला कोण विचारणार!

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजला आहे, तिला पुण्याच्या कार्यक्रमाला पूर्ण वेष करून जायचंय. हे पोरखेळ वाटतं, आणि काळजीही वाटते. – एक आई, होटगी रोड

उत्तर : ताई, काळजी बरोबर आहे, पोरखेळ मात्र नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या पहिल्या जागतिक संमेलनात मर्टल डग्लस नावाच्या बाईंनी स्वतः शिवलेले भविष्यातल्या माणसांचे पोशाख घालून त्या आणि त्यांचे मित्र फॉरेस्ट अॅकरमन आले होते, म्हणजे मोठी माणसं शिवणकाम करून हे करतायत त्याला किती वर्षं झाली बघा. आपल्याकडं कॉमिक कॉन हा कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा २०११ ला दिल्लीत सुरू झाला. तुमची मुलगी कापणं, शिवणं, रंगवणं शिकतेय, शिकू द्या.

खरी काळजी उन्हाची करा. आपल्याकडं एप्रिल-मेत पारा चाळीसच्या वर असतो आणि फोममधून वारा जात नाही, आत घाम साचतो. चिलखताखाली सुती बनियन आणि खांद्याला, पाठीला आपल्या सोलापुरी टॉवेलचे तुकडे आतून वेल्क्रोनं लावायचे, ओले झाले की बदलायचे. हेल्मेट पटकन काढता आलं पाहिजे. जायच्या आधी घरी पूर्ण वेष तासभर घालायला लावा, त्यात जिना चढणं, खाली बसणं, पाणी पिणं आणि मुख्य म्हणजे बाथरूमला जाणं, सगळं जमलं पाहिजे. बऱ्याच मुली बाथरूम नको म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे फार वाईट, त्यापेक्षा कंबरेला वेगळा होणारा दोन भागांचा वेष करा.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाणार असेल तर घरून साध्या कपड्यात जाऊ दे, वेष चादरीत गुंडाळून न्यायचा आणि तिथं घालायचा. तलवार फोमचीच, धातूची अजिबात नको, गेटवर तपासतात. सोबत एक मैत्रीण साध्या कपड्यात पाहिजेच, तिच्याकडं पाणी, सेफ्टी पिना, ग्लू, फोन. आणि तिला सांगून ठेवा, फोटोला नाही म्हणायचा तिला हक्क आहे, खांद्यावर हात टाकून फोटो काढू देणं तर मुळीच गरजेचं नाही. कोणी ऐकत नसेल तर सरळ आयोजकांकडं जायचं.

प्रश्न : लाल रंगाच्या लेन्स ऑनलाइन मागवू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, नंबर नसला तरी. लेन्सचं माप डोळ्यागणिक वेगळं असतं, चुकीची बसली तर बुबुळाला जखम होते. मैत्रिणीची वापरायची नाही, नळाच्या पाण्यानं धुवायची नाही, घालून झोपायचं नाही. आणि डॉक्टर नाही म्हणाले तर लाल आयलायनर आणि चांगला विग घ्या, फक्त कृत्रिम धाग्याच्या साध्या विगला स्ट्रेटनर लावू नका, वितळतो.