२४ इंची की २७? मॉनिटरसोबत घरचं अर्थिंगही पाहा, भाऊ

आधी उत्तर सांगून टाकतो. २४ इंची, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनल (हा पडद्याचा प्रकार), १४४ ते १८० हर्ट्झमधला (म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा) कोणताही, पण मागे डिस्प्लेपोर्ट नावाचं सॉकेट असलेलाच घ्या. आणि तुमच्या बजेटचे पंधराच्या पंधरा हजार मॉनिटरवर घालू नका. तीन-चार हजार विजेच्या बंदोबस्तासाठी मागे ठेवा.

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याजवळच्या गावात राहता, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा पीसी आहे, दिवसा एमपीएससीच्या पीडीएफ वाचता आणि रात्री व्हॅलोरंट नाहीतर जीटीए ५ खेळता. जुना साडेअठरा इंची मॉनिटर बदलायचा आहे, आणि १४४ हर्ट्झने खरंच फरक पडतो की ती नुसती जाहिरात, हा प्रश्न आहे.

माझं आर्वी तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, दाखले, झेरॉक्स असं दिवसभर चालतं. रात्री शटर अर्धं ओढलं की त्याच मॉनिटरवर धाकट्या भावासोबत गेम. आतापर्यंत तीन मॉनिटर झाले. पहिला विजेने नेला, दुसरा मी माझ्या हाताने घालवला, तिसरा चालू आहे. तिसरा आणला तेव्हा बाबा म्हणाले होते, "टीव्हीच त आहे, त्याले काहून येवढे पैसे?" त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

आकारापासून सुरू करू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. दुकानात २७ इंची शेजारी ठेवला की २४ इंची लेकरासारखा दिसतो. पण तुमच्या बजेटमध्ये २७ इंची मिळतो तो बहुतेक १०८० पीच (१९२० बाय १०८०) असतो. म्हणजे ठिपके तेवढेच, फक्त ताणलेले. हिशेब करून पाहा: तुमचा जुना साडेअठरा इंची १३६६ बाय ७६८ चा असेल तर त्यावर इंचाला साधारण ८५ ठिपके बसतात. २४ इंचीवर ९२ बसतात. २७ इंचीवर १०८० पी असेल तर ८२, म्हणजे नवीन घेऊनही जुन्यापेक्षा भरड दिसणार. गेममध्ये हे चालून जातं. पण तुम्ही मराठी पीडीएफ वाचता. इंग्रजी अक्षर सुटं आणि उघडं असतं. आपल्याकडे 'राष्ट्र' आणि 'उद्ध्वस्त' आहेत, वर रफार आहे, अनुस्वाराचा एवढासा टिंब आहे. भरड पडद्यावर हे सगळं चिकटतं आणि तासाभरात डोळे चुरचुरतात. मला सातबाऱ्यावरचे गट नंबर वाचताना ३ आणि ८ चा घोळ व्हायचा, तेव्हा हे कळलं.

मग २७ इंची १४४० पी (२५६० बाय १४४०) का नको? तो सुरेख दिसतो, इंचाला १०९ ठिपके. पण ते ठिपके भरायचे कोणी? १०८० पी म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपके, १४४० पी म्हणजे ३६ लाख ८६ हजार. १६५० हे कार्ड १०८० पीचं आहे. त्याच्या खांद्यावर पावणेदोनपट ओझं दिलं की जीटीए अडखळणार. पुढेमागे कार्ड बदलायचा पक्का विचार असेल तर गोष्ट वेगळी.

आता १४४ हर्ट्झ. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर दर ६.९ नी. फरक दिसतो, आणि तो गेमच्या आधी माउसच्या बाणातच दिसतो. लांबलचक पीडीएफ सरकवताना अक्षरं फाटत नाहीत. व्हॅलोरंटमध्ये तुमचं कार्ड कमी सेटिंगवर १४४ च्या वर सहज जातं, तिथे पैसे वसूल. जीटीएमध्ये चांगल्या सेटिंगवर तेवढं जाणार नाही, म्हणून तिथे फायदा थोडा. पण ६० वरून १४४ ला जो फरक जाणवतो तो १४४ वरून १८० ला जाणवत नाही. भाव सारखाच असेल तर घ्या, जास्तीचे हजार देऊ नका. आणि एक स्पष्ट बोलतो: मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळत असाल आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) ६० वरून २०० वर उड्या मारत असेल, तर कोणताही मॉनिटर तुम्हाला वाचवणार नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, पण आपल्या गावापासून टॉवरपर्यंतचाच रस्ता खराब असतो. तसं असेल तर आधी फायबर येतं का ते पाहा.

डिस्प्लेपोर्टवर मी अडून का बसलो? कार्ड जेव्हा सेकंदाला कधी ७० तर कधी ११० फ्रेम (चित्रं) देतं तेव्हा चित्र मधूनच चिरल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय म्हणजे मॉनिटरने आपली गती कार्डाबरोबर कमीजास्त करणं. एएमडीवाले त्याला फ्रीसिंक म्हणतात. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून आपल्या १० सिरीज आणि पुढच्या कार्डांना असे मॉनिटर चालवायची मुभा दिली, पण डिस्प्लेपोर्टवरून. तुमच्या १६५० ला एचडीएमआय केबल लावली तर या भावातल्या मॉनिटरवर ही सोय बहुतेक हाती लागणार नाही. खोक्यात बरेचदा एचडीएमआयचीच केबल येते, म्हणून डिस्प्लेपोर्टची वेगळी मागवा.

केबल लावून झाली की विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत जाऊन रिफ्रेश रेट हाताने १४४ करा. तो आपोआप होतोच असं नाही. माझा भाऊ महिनाभर ६० वर खेळत होता आणि दोस्तांना सांगत होता, "पाह्य बे, कसं मक्खन चालते!"

पॅनलचं थोडक्यात. टीएन जुनं झालं, बाजूने पाहिलं की रंग पालटतात. दुकानात गिऱ्हाईक शेजारून डोकावतं, मला ते चालतच नाही. व्हीए पॅनल काळा रंग खरा काळा दाखवतं, कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या आसपास, तर आयपीएसचा १००० ला १. माझा दुसरा मॉनिटर वक्र व्हीए होता. अंधाऱ्या खोलीत झकास. पण काळ्यावरून दुसऱ्या काळपट रंगावर जायला स्वस्तातले व्हीए वेळ घेतात, म्हणून गेममध्ये अंधारात मान वळवली की काजळ पसरल्यासारखं दिसायचं. आयपीएसमध्ये रात्री कोपऱ्यात थोडी पांढुरकी झाक दिसते, ती मी मान्य केली. तुमच्या दोन्ही कामांना आयपीएसच बरं.

खोक्यावरच्या '१ एमएस' ला (पडद्याचा वेग, मिलिसेकंदांत) भुलू नका. शेजारी एमपीआरटी लिहिलं असेल तर तो आकडा मागचा दिवा लुकलुकवून काढलेला असतो. ती सोय चालू केली की उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक बंद पडतं. जीटीजी (ठिपक्याला एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ) लिहिलेला आकडा पाहा, आणि तोही थोडा वाढवूनच समजा. एचडीआरचा (जास्त उजेड आणि रंग दाखवायच्या सोयीचा) स्टिकर तर सोडूनच द्या. डिस्प्ले एचडीआरची सगळ्यांत खालची पायरी ४०० निट्सची (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) आहे, आणि या भावातले मॉनिटर २५०-३०० निट्सचे असतात. पडदा मात्र मॅटच हवा. आपल्या ओसरीला दार उघडं, समोर अंगणात रखरखीत ऊन. चकचकीत पडद्यात गेमपेक्षा अंगणातली बकरीच जास्त दिसते.

आता विजेकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा खर्च इथे आहे, आणि तुम्ही तो विचारलाच नाही.

मॉनिटरच्या मागे किंवा अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्यामुळे रब्बीत सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होऊन व्होल्टेज १६० वर आलं, पंखा रडायला लागला, तरी मॉनिटरला काही होत नाही. त्याला मारतं ते वाढलेलं व्होल्टेज. माझा पहिला मॉनिटर असा गेला: मे महिन्यातली वादळी संध्याकाळ, डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला. न्यूट्रल तुटला की एका फेजवरचं घर दुसऱ्या फेजवरच्या घराशी जोडल्यासारखं होतं, आणि ज्याच्याकडे कमी उपकरणं चालू त्याच्या वाट्याला २३० ऐवजी ३००-३५० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. आमच्या ओळीतल्या चार घरांचे टीव्ही गेले, माझा मॉनिटर गेला. त्याला स्पाइक गार्डची पट्टी लावलेली होती. ती क्षणभराच्या झटक्यासाठी असते, मिनिटभर टिकणाऱ्या व्होल्टेजपुढे तीच जळते.

म्हणून वायरमनकडून मीटरनंतर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. ठरावीक मर्यादेच्या वर-खाली गेलं की लाइन तोडतो, ठीक झालं की थांबून जोडतो. हजार-दीड हजारात काम होतं आणि फ्रिजही वाचतो. त्यासोबत ६०० व्हीएचा यूपीएस. १६५० स्वतः ७५ वॅटचं कार्ड आहे आणि २४ इंची मॉनिटर २०-३० वॅट खातो, त्यामुळे लाइट गेल्यावर गेम गुंडाळायला पाचेक मिनिटं मिळतात. त्यावर खेळत बसायचं नाही.

अर्थिंगचं सांगतो. कॅबिनेटला उघडा पाय लागला की मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही किंवा मेलंय. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या (पीसीच्या पॉवर सप्लायमधल्या) फिल्टरमुळे पत्र्यावर जवळपास अर्धं व्होल्टेज तरंगतं. करंट अगदी थोडा असतो, पण चालू मशीनला एचडीएमआय केबल खुपसताना तो पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जाऊ शकतो. दोन्हीकडचे प्लग काढूनच केबल लावा. आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी ठाक होते, तिच्यातलं अर्थिंगही ढिलं पडतं. मार्च ते जून खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाका. विजा कडाडायला लागल्या की प्लग तर काढाच, खांबावरून तांब्याची नेटची तार आली असेल तर तीही काढा.

गरमीचंही पाहा. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि टिनाच्या खोलीत दुपारी त्याच्याही वर. बारा ते चार अभ्यास दुसऱ्या खोलीत करा, पडदा थंड राहू द्या. कूलरचा झोतही थेट मॉनिटरवर नको, ओली हवा आत जाते.

दुसरा मॉनिटर मी कसा घालवला ते राहिलंच. सोयाबीन काढणीचा हंगाम, पडद्यावर भुशाचा थर. काच पुसायचा निळा फवारा घेतला आणि थेट पडद्यावर मारला. ओघळ खालच्या पट्टीत गेला. नेमक्या तिथेच पडद्याच्या नाजूक जोडण्या असतात. दुसऱ्या दिवशी उभ्या हिरव्या रेघा. मॉनिटर बंद करून, मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून हलक्या हाताने पुसायचं, बस.

आणि फुलकिडे. कपाशीवर येतात तेच. पावसाळ्यात रात्री उजेडाकडे येतात आणि इतके बारीक असतात की फटीतून पडद्याच्या आतल्या थरात शिरतात. डेड पिक्सेल चालायला लागला असं वाटतं. बोटाने दाबू नका! मेला तर तो तिथेच कायमचा चिकटतो. मॉनिटर बंद करा, बाजूला दुसरा दिवा लावा, तो आपणच बाहेर येतो. माझ्या तिसऱ्या मॉनिटरवर डाव्या कोपऱ्यात एक जण आजही आहे. भावाची कृपा.

खरेदी ऑनलाइन केली तर आधी कंपनीची घरपोच सर्व्हिस तुमच्या पिनकोडला आहे का ते विचारा, नाहीतर तीन वर्षांची वॉरंटी असूनही खोकं घेऊन तुम्हालाच यवतमाळ नाहीतर अमरावती गाठावं लागेल. खोकं आणि आतला थर्माकोल जपून ठेवा. आल्या दिवशीच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण एकरंगी पडदे लावून पाहा. एखाद-दुसरा मेलेला ठिपका बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, परतीच्या मुदतीतच काय ते करता येतं. नागपूरला सीताबर्डीवरून आणणार असाल तर दुकानातच चालू करून पाहा. एसटीत खोकं उभंच ठेवा, आडवं टाकून त्यावर कोणाची पिशवी येऊ देऊ नका.

जुना साडेअठरा इंची विकू नका, त्याचे पाचशेही येणार नाहीत. बाजूला लावा, त्यावर यूट्यूबचा तास आणि मोठ्यावर पीडीएफ. फक्त तो व्हीजीएवाला (जुन्या पद्धतीच्या सॉकेटचा) असेल तर १६५० ला व्हीजीए नसतं. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर तीन-चारशेत मिळतो. डीव्हीआयचा साधा प्लग बदलणारा अडॉप्टर घेऊ नका, तो या कार्डावर चालत नाही.