कॉमिक कॉनहून परतल्यावर मन का लागत नाही?

प्रश्न : आदरणीय ताई, मी एकवीस वर्षांची असून नाशिकला महाविद्यालयात शिकते. मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्स आणि मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्यासाठी, मी चार महिने खपून फोमचे चिलखत तयार केले आणि ते घालून तिथे मनसोक्त वावरले. ज्या मालिकेचे नाव काढताच घरचे विषय बदलतात, तिच्याविषयी अनोळखी मुलींशी तासन्‌तास बोलले. शेवटच्या दिवशी संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस गाठण्यासाठी लवकर निघावे लागले, आणि कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडली जात असताना मला एकाएकी रडू कोसळले. आता तीन आठवडे झाले, पण मन कशातच लागत नाही. आई म्हणते, एवढ्या मोठ्या मुलीने कार्टूनसाठी झुरावे का? मी काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तुमचे रडू अगदी खरे होते आणि त्याची लाज वाटण्याचे काहीही कारण नाही. दिवसदिवस उभे राहणे, अपुरी झोप, बोलून बसलेला घसा यांचा शीण पहिल्या आठवड्यात ओसरला असेल. त्यानंतरही उरलेली हुरहुर मात्र माणसांसाठी आहे. आपल्याला जे आवडते ते का आवडते, हे तिथे कोणालाही समजावून सांगावे लागत नव्हते. आईला एकदा निवांत विचारा, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माहेरून परतताना एस.टी.त बसल्यावर तिला काय वाटले होते. मला वाटते, त्यानंतर ‘कार्टून’ हा शब्द तुमच्या घरात थोडा कमी ऐकू येईल.

डिसेंबर २०२१मध्ये आपल्याकडे नाशिकच्या आडगावात ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नव्हते, तरी त्यांच्या विज्ञानकथांवर वाढलेली माणसे तिथे एकमेकांना शोधून बोलत होती, आणि शेवटच्या रात्री आडगावहून घरी येताना मलाही असेच रिते वाटले होते. म्हणून तुमचे पत्र मी दोनदा वाचले.

आता तुम्हाला जे मनापासून सांगायचे आहे ते असे, की असे मेळावे मुळात चाहत्यांनीच, आणि फार थोड्या माणसांत, सुरू केले. १९३९मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले तेव्हा जेमतेम दोनशे लोक जमले होते. त्यांत मर्टल डग्लस नावाची एक तरुणी स्वतः शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घालून आली होती, आणि तुमच्या चिलखताची परंपरा तिच्यापर्यंत जाऊन पोहोचते. तोक्योच्या कॉमिकेट या कॉमिक्सच्या मेळाव्याला आज लाखोंची गर्दी होते, पण डिसेंबर १९७५मधल्या पहिल्या मेळाव्यात चाहत्यांचे बत्तीस गट आणि सुमारे सातशे माणसे होती. आवडत्या पात्राचा वेश करून वावरण्याला म्हणतात तो ‘कॉस्प्ले’ हा शब्दसुद्धा जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३मध्ये एका मासिकातल्या लेखातून रूढ केला.

तेव्हा पुढच्या वर्षाच्या तिकिटाची वाट पाहत बसू नका. ज्या मुलींशी ओळख झाली त्यांना आजच संदेश पाठवा. त्याही तुमच्यासारख्याच गप्प बसल्या असण्याची शक्यता मोठी आहे. नाशिकमध्ये तुमच्या आवडीची चार-पाच मुले-मुली निश्चित सापडतील. सुटीच्या एखाद्या सकाळी गंगापूर रोडवर चहाला भेटा, एकच भाग ठरवून त्यावर बोला, आणि दुसऱ्या भेटीची तारीख उठण्यापूर्वी पक्की करा, कारण अशी मंडळे मोडतात ती बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या दरम्यानच. मात्र झोप, जेवण किंवा अभ्यास यांवर परिणाम होत असेल, तर महाविद्यालयातील समुपदेशकांना अवश्य भेटा.

आणि ते चिलखत माळ्यावर टाकू नका. उन्हाळ्यात छताखालच्या उष्णतेने फोम वाकडा होतो आणि चिकटवलेले सांधे सुटतात. ते सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. पण त्याआधी एकदा आईसमोर घाला आणि कोणता तुकडा कसा कापला, कुठे चुकला, कसा दुरुस्त केला, हे तिला सविस्तर दाखवा.