वाचकांचे प्रश्न: महागडा गेमिंग पीसी की कन्सोल?

प्रश्न: माझा सहा वर्षं जुना पीसी नव्या गेममध्ये दमतो. पुन्हा भारी ग्राफिक्स कार्ड घ्यावं, की कन्सोल घेऊन मोकळं व्हावं?

उत्तर: फक्त नवे गेम खेळायचे असतील तर कन्सोल घ्या. पीसीवर माझा जीव आहे, तरी हेच सांगतो. 2020 मध्ये आलेल्या प्लेस्टेशन 5 या कन्सोलचं हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे गेमसोबत शेडर (चित्र कसं रंगवायचं ते ग्राफिक्स कार्डला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) आधीच तयार करून देता येतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं. शेडर तिथल्या तिथे तयार होतात आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. महागडं कार्ड असूनही मी हे सोसलंय, फार चिडलो होतो. विजेचंही पाहा: आरटीएक्स 5090 हे एकटं कार्ड 575 वॅटपर्यंत ओढतं.

तरी मी पीसी सोडलेला नाही. वीस वर्षांपूर्वीचे गेम, चाहत्यांनी बनवलेले मॉड (गेममधले बदल), माउसने धरलेला अचूक नेम! शिवाय ऑनलाइन खेळायला कन्सोलसारखी वर्गणी सहसा लागत नाही. यासाठी जीव तुटत असेल, तर मधल्या दर्जाचं कार्ड घ्या. 1440पी, म्हणजे फुल एचडी आणि 4के यांच्या मधल्या स्पष्टतेच्या, मॉनिटरला ते पुरतं. मात्र त्याआधी तुमचा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते तपासा.