पिनबॉलचे रॅम्प फ्लॅप रिव्हेटपाशी तडकतात? जाडी बदलू नका, प्लेटिंग बघा

तुम्ही लिहिलंय की पिनबॉल मशीनच्या रॅम्पच्या तोंडाशी फ्लॅप (बॉल वर चढावा म्हणून रिव्हेट केलेली स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी) बसवले, मशीनवर कोणी खेळलंही नाही, तरी आठवड्याभरात रिव्हेटच्या भोकापासून चीर गेली. म्हणून आता १० थाउऐवजी (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) १५ थाउची पट्टी घेणार आहात. घेऊ नका. जाड फ्लॅपची कड प्लेफील्डवर, म्हणजे बॉल फिरतो त्या पाटावर, उंच राहते, बॉल तिथे उडतो आणि गिऱ्हाईक नवीनच तक्रार घेऊन येतं. न खेळता तुटतंय म्हणजे मार बॉलचा नाही, तो ८० ग्रॅमचाच असतो. माझा संशय झिंक प्लेटिंगवर, म्हणजे गंजू नये म्हणून चढवलेल्या जस्ताच्या थरावर आहे. अर्थात तुमचा तुकडा मी हातात घेतलेला नाही.

फ्लॅपचं १०९५ ग्रेडचं स्प्रिंग स्टील मुळातच कडक केलेलं. प्लेटिंगआधीच्या ॲसिडमध्ये आणि पुढे टाकीत त्यात हायड्रोजन शिरतो. तो काढायचा तर माल चार तासांच्या आत भट्टीत जायला हवा, १९० ते २२० अंश सेल्सियसला, कित्येक तास. यालाच बेकिंग म्हणतात. नाही गेला की फ्लॅप ताणून रिव्हेट केल्यावर काही दिवसांनी आपोआप तडकतो.

मी शिकागोच्या एका उपनगरात हेच फ्लॅप बनवून विकायचं काम करतो. तिथल्या प्लेटिंगवाल्याचं नाव घेत नाही. ऑर्डरवर बेकिंग स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यांच्या सर्टिफिकेटवरही 'बेकिंग केले' असं होतं. फ्लॅप तडकायला लागल्यावर भट्टीची नोंद मागितली, तर झिंकच्या थराच्या जाडीचा रिपोर्ट आला. पुन्हा मागितली, पुन्हा तोच रिपोर्ट. शेवटी लाइनवरच्या एका कामगाराने सांगितलं की त्यांच्याकडे झिंकच्या पुढची टाकीच क्रोमेटची, म्हणजे झिंकवर चढवायच्या संरक्षक थराची. क्रोमेट चढवून भट्टीत घातलं तर तो थर खराब होतो. म्हणजे झिंकनंतर माल उतरवायचा, भाजायचा आणि परत चढवायचा. आपल्या मूठभर फ्लॅपसाठी एवढा खटाटोप कोण करणार? मी भोसरीत वाढलोय, 'उद्या नक्की'ची सवय आहे. पण तिथे निदान काम झालेलं नाही हे तोंडावर कळायचं! परत मिळाले ते फक्त प्लेटिंगचे पैसे. स्टील, लेझर कटिंग आणि गिऱ्हाइकांना फुकट पाठवलेले बदली फ्लॅप माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून माझं ठाम मत: फ्लॅपला प्लेटिंगच नको. ३०१ ग्रेडच्या स्टेनलेसची फुल हार्ड (रोलिंगनेच पूर्ण कडक झालेली) पट्टी घ्या. वाकवल्यावर ती जास्त परत येते, त्यामुळे डाय नव्याने जमवावी लागते, आणि बेंडची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवावी लागते. लेझरने कापलेली कड घासल्याशिवाय पुढे जाऊ नका. माइल्ड स्टीलच्या ब्रॅकेटना झिंक खुशाल करा, तिथे हा त्रास नाही.

हातातला प्लेटिंग झालेला माल आता भट्टीत घालून वाचेल या भरवशावर राहू नका. आत पडलेल्या चिरा बुजत नाहीत. त्यातले काही फ्लॅप वाकवून आठ-दहा दिवस क्लॅम्पमध्ये ठेवा. एक जरी तडकला तरी अख्खा लॉट भंगारात.

विक्रीचं म्हणाल, तर 'ॲडम्स फॅमिली' या पिनबॉल मशीनच्या फ्लॅपपासून सुरुवात करणं बरोबर आहे. १९९२ चं मशीन, त्याचे २० हजारांवर नग विकले गेले, आणि विल्यम्स कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉल बंद केल्यापासून जुन्या मशीनवाल्यांची भिस्त आपल्यासारख्यांवरच. पण जुन्या झिजलेल्या फ्लॅपवरून माप उचलू नका, त्याची कड खाल्लेली असते, रॅम्पवरूनच घ्या. मशीनचं नाव 'याला बसतो' एवढ्यापुरतं वापरा, लोगो किंवा चित्र कशावरही छापू नका. मी वकील नाही, लोगो लागणारच असेल तर वकिलाला विचारा.

आणि फ्लॅप साध्या पाकिटातून पाठवू नका. पोस्टाच्या छाननी मशीनमध्ये ते वाकतात. दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये टेपने चिकटवून, छोट्या खोक्यातून पाठवा. खर्च किमतीतच धरा.